बनीचा भाव लिव्हरपूलला

लेकीकडे मँचेस्टरला गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, लिव्हरपूलचं सागरी संग्रहालय पाहूनच या. टायटॅनिकचं भलंमोठं मॉडेल आहे." हिंगणघाटच्या माणसाला जहाजांचं काय कौतुक! आमची वणा नदी उन्हाळ्यात घोटाही भिजवत नाही. पण लिव्हरपूल म्हणजे कापसाचा बाजार, हे जिनात नोकरी केलेल्याला ठाऊक असतं. दोघंही निघालो.

संग्रहालय अल्बर्ट डॉकच्या जुन्या वखारीत. (२०२५पासून ते नूतनीकरणासाठी बंद आहे, आम्ही त्याआधी गेलो.) १८४६ साली सुरू झालेल्या या वखारी वीट, दगड आणि बिडाच्या, आगीच्या भीतीने लाकूड टाळलेलं. टायटॅनिकपाशी गर्दी होती, मी बिडाचे खांब निरखत बसलो. हंगामात एका ठिणगीने रुई कशी जाते ते मी पाहिलं आहे.

तिसऱ्या मजल्यावर गुलामगिरीचं संग्रहालय. तिथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. ब्रिटनने १८०७मध्ये गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला खरा, पण अमेरिकेत गुलामांनी वेचलेला कापूस याच बंदरात उतरत राहिला. १८६१ला तिकडे यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. मग दलालांना हिंदुस्थानची आठवण झाली. लिव्हरपूलच्या भावात भडोच, ढोलेरा, उमरावती यांच्यासोबत 'हिंगणघाट' ही वेगळी प्रत लागायची. १८६७ला रेल्वे नागपूरला पोहोचण्याआधी मुंबईची बरीच वाट बैलांच्या पायांनीच कापावी लागे, आणि सुएझ कालवा १८६९ला खुला होईपर्यंत पुढे आफ्रिकेला वळसा.

"मग आपलं नाव कुठे आहे इथे?" लेकीने विचारलं. आम्ही पाहिलं त्यात तरी दिसलं नाही. मला राग आला नाही. गाठ कुणाच्या वावरातली, हे गाठ बांधल्यावर आमच्याकडेही कोण विचारतं?

चहा पिताना तिला बनीबद्दल सांगितलं. हिंगणघाटचं नाव झालं ते या बारीक, मऊ धाग्याच्या कापसामुळे. पण त्याला रुईचा उतारा कमी. भरड 'जरी' जास्त रुई देई, म्हणून शेतकरी तिकडे वळले आणि व्यापारी दोन्हींची मिसळ करू लागले. इंग्रज अधिकारी त्यावर चिडत. शेतकऱ्याचं काय चुकलं, मला अजून कळलेलं नाही.

"बनी कशी असते दिसायला?" तिने विचारलं. उभी हयात जिनात गेली, पण बनी मीही पाहिलेली नाही.