इंडक्शन हीटर: सर्किट कुठलं?

रिटायर झाल्यापासून आमच्या बाबांचं वर्कशॉप गॅलरीत भरतं. सेंटर पंच बोथट झाला की ग्राइंडरवर घासायचा, मग स्वयंपाकघरात गॅसवर लाल करून पाण्यात बुचकळायचा. लोखंडाआधी आईच तापते! म्हणून घरीच इंडक्शन हीटर बनवायचं ठरलं, आणि दोन वीकेंड नुसतं सर्किट निवडण्यात गेले.

पहिला उमेदवार हाफ ब्रिज. घरातले २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय केले की सव्वातीनशे व्होल्ट डीसी, मग किलोवॅटच्याच गप्पा. पण ७७० अंशांच्या आसपास लोखंडाचं चुंबकत्व जातं, कॉइलचा इंडक्टन्स बदलतो आणि रेझोनन्स सरकतो. फ्रिक्वेन्सीने त्याच्यामागे धावायचं म्हणजे पीएलएल आला, वर गेट ड्राइव्हची भानगड. शिवाय प्लग काढला तरी आतला कपॅसिटर भरलेला राहू शकतो.

दुसरा 'झेडव्हीएस', म्हणजे मॅझिली सर्किट. दोन मॉसफेट, दोन चोक, थोडे डायोड आणि रेझिस्टर. इथे कॉइल आणि कपॅसिटरचा टँकच ऑसिलेटर असतो, त्यामुळे ट्यूनिंग आपोआप. एक मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.३३ मायक्रोफॅरडचे सहा कपॅसिटर पॅरलल लावले की साधारण ११० किलोहर्ट्झ. कपॅसिटर पॉलीप्रॉपिलीनचेच हवेत, कारण टँकमध्ये सप्लायच्या कितीतरी पट करंट फिरतो. ड्रेनवर सप्लायच्या 'पाय' पट व्होल्टेज येतं, २४ ला ७५. म्हणजे ५५ व्होल्टचा आयआरएफझेड४४एन बाद, २०० व्होल्टचा आयआरएफपी२५० घ्यायचा.

याचीही खोड आहेच. सप्लाय हळूहळू वर चढला किंवा कॉइलमध्ये जाडजूड लोखंड खुपसलं तर ऑसिलेशन होत नाही, दोन्ही मॉसफेट एकदम चालू होतात आणि सरळ शॉर्ट! म्हणून आधी एसएमपीएस चालू करायचा, मग डीसी बाजूचा स्विच. मध्ये फ्यूज हवाच.

आता तुम्ही म्हणाल, मग हाफ ब्रिज काय वाईट? माझ्या टेबलावर असता तर कदाचित तोच केला असता. पण सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसात, आणि हे यंत्र गॅलरीत एकटे बाबा वापरणार. झेडव्हीएस बिघडला तर बहुतेक वेळा मॉसफेट उडतील. सव्वातीनशे व्होल्टच्या बाबतीत मला असं म्हणवत नाही.

बाबांना मात्र हे सगळं ऐकायचंच नव्हतं.

"अरे, वॅट किती ते सांग."

"चोवीस व्होल्ट, दहा अँपिअर. दोनशे चाळीस."

"पंचाला पुष्कळ झाले."

शनिवारी पासोड्या विठोबाकडे चक्कर मारायची आहे. तांब्याची नळी बाबांनी आधीच पैदा केलीये, कुठून ते सांगत नाहीत.