वाडीचा मुक्काम

घरात कुणी तापातून उठलं, कुणाचं चित्त थाऱ्यावर नसलं, की आजीचा उपाय ठरलेला असे. "दोन दिवस वाडीला जाऊन ये, हवापालट होईल." महाबळेश्वर-माथेरान पैसेवाल्यांचं. आमच्या घरात वाडी म्हणजे नरसोबाची वाडी. आजी गेली, उपाय माझ्याकडे आला. मार्चअखेरीच्या आकड्यांनी डोकं भणाणण्याआधी, माघात कधीतरी, मी दोन रात्रींपुरती पिशवी भरते.

रात्रीच्या रेल्वेनं पहाटे जयसिंगपूर. तिथून शिरोळमार्गे एसटी, आणि आता बायकांना तिकीटही अर्धं. हे दिवस ऊसतोडीचे. पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लागला की एसटी त्याच्या मागं गोगलगायीसारखी चालते. पुण्यात असते तर मी दहादा घड्याळ पाहिलं असतं. इथं रस्त्यावर सांडलेली उसाची कांडी बघत बसते.

उतरायचं ते एका पुजारीकाकूंकडे. खोलीत एक खाट, एक सतरंजी, भिंतीत कोनाडा. प्लग एकच, तोही बाहेर पडवीत. त्यामुळे मोबाइल पडवीत, मी घाटावर. पहिल्या दिवशी हात चारदा रिकाम्या खिशाकडे जातो. दुसऱ्या दिवशी फोन आणायची काकूच आठवण करून देतात.

वाडीत कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. दत्ताचे अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती इथं बारा वर्षं राहिले, असं परंपरा सांगते. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. देवळाला शिखरही नाही. हे देऊळ विजापूरच्या आदिलशहानं बांधून दिलं, असं इथली माणसं सांगतात. औदुंबराच्या सावलीतलं हे बसकं देऊळ मला देवळापेक्षा एखाद्या जुन्या घराच्या ओसरीसारखं वाटतं. कुणीही यावं, खांबाला पाठ टेकावी.

करायचं काहीच नसतं, तरी दिवस रिकामा जात नाही. पहाटे काकडआरती, दुपारी महापूजा, मग प्रसादाची पंगत, रात्री पालखी. मधल्या वेळात घाटाची पायरी. कुणी गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलेलं असतं. बावन्न अध्याय, सात दिवस. मी पोथी वाचत नाही. माझी श्रद्धा किती, हे मलाही नीट सांगता येणार नाही. पण शेजारी कुणीतरी एका लयीत पुटपुटत असलं की माझ्या डोक्यातला कलकलाट खाली बसतो, तुरटी फिरवलेल्या पाण्यातल्या गाळासारखा. एरवी घरी सुट्टी घेतली तरी 'आता काय करू' हा प्रश्न सुटत नाही. इथं तो घंटाच सोडवते. दुसऱ्याच्या वेळापत्रकात दोन दिवस राहायला मिळणं, मला वाटतं, हीच खरी विश्रांती.

रात्री पालखी निघते. थंडगार फरशीवर अनवाणी पावलं, धुपाचा वास, आणि टेंब्येस्वामींची, दत्ताची करुणा भाकणारी करुणात्रिपदी. ती त्यांनी इथंच रचली. शेजारती झाली की दारं बंद होतात आणि गावही निजतं. जागं राहून करण्यासारखं काही उरत नाही. नऊ-दहा वर्षांत मला इथं कधी झोपेची गोळी लागलेली नाही.

एकदा काकूंनी भिंतीवरची खूण दाखवली. २०१९ च्या महापुराची, माझ्या डोक्याच्याही वर. पावसाळ्यात नदी देवळात येते. उत्तरेच्या दारानं आत शिरून, पादुकांना स्पर्श करून ती दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, त्याला 'दक्षिणद्वार' म्हणतात. लोक त्या दारात स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात. "देव पण हलतो की मुक्काम," काकू म्हणाल्या, "पाणी उतरलं की परत जाग्यावर."

परतताना पिशवीत पावशेर कंदी पेढे आणि कवठाची बर्फी. दोन रात्रींचा सगळा खर्च पुण्यातल्या एका बऱ्या हॉटेलातल्या चौघांच्या जेवणाइतकाही होत नाही. तुम्हीही जा. थंडीत जा, चादर आपली न्या. पावसाळ्यात जायचं असेल तर निघण्याआधी पाण्याची चौकशी तेवढी करा.