इमानाची अट

देशाशी बेइमानी करणाऱ्याचं नागरिकत्व काढून घ्यावं, असं मी बरीच वर्षं ठासून म्हणत आलो. नागरिकत्व हा करार आहे, एकानं तो मोडल्यावर दुसऱ्यानं का पाळावा, हा माझा युक्तिवाद. समोरचा सहसा गप्प बसायचा, त्यामुळे तो मला बिनतोडच वाटे. आज मी त्या बाजूला नाही.

फिरलो ते एका जर्मन शब्दाच्या मागे लागल्यामुळे. 'आउसब्युर्गरुंग' म्हणजे नागरिकत्व हिरावणं. 'आउस' म्हणजे बाहेर आणि 'ब्युर्गर' म्हणजे नागरिक. हा ब्युर्गर आला 'बुर्ग'वरून, म्हणजे गढी किंवा तटबंदीची वस्ती यावरून. आपला नागरिक नगरातून आला, तसाच. परक्याला नागरिक करून घेण्यासाठी जर्मनमध्ये 'आइनब्युर्गरुंग' हा शब्द आहे. 'आइन' म्हणजे आत. आत घेणं आणि बाहेर काढणं, अशी ही जोडी. बाहेर म्हणजे कुठे, हे मात्र शब्द सांगत नाही. मराठीत याला सरळ वाळीत टाकणं म्हणता येईल. आणि इथेच मी अडखळलो, कारण जातपंचायतींनी कुटुंबं वाळीत टाकण्याला माझा कायम विरोध. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा मला आनंद झाला होता. मग गावानं करू नये ते सरकारनं केलेलं मला कसं चालत होतं?

नाझी सरकारनं 14 जुलै 1933 रोजी केलेला कायदा वाचला. परदेशात राहून राष्ट्राशी आणि जनतेशी इमान न राखणाऱ्या, जर्मन हिताला बाधा आणणाऱ्या माणसाचं नागरिकत्व त्यानं काढून घेता येई, मालमत्ता जप्त करता येई आणि बायकामुलांनाही त्यात ओढता येई. मालमत्ता आणि बायकामुलं सोडली, तर ही माझीच भाषा होती. त्याच कायद्यानं 9 नोव्हेंबर 1918 पासून हिटलर सत्तेवर येईपर्यंत दिलेलं नागरिकत्वही 'अनिष्ट' ठरवून परत घेता येत होतं. ती तारीख सहज निवडलेली नव्हती. त्या दिवशी फिलिप शायडेमान यांनी बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा केली होती. ऑगस्ट 1933 मध्ये 33 जणांची पहिली यादी निघाली, तीत खुद्द शायडेमान होते. सोबत हाइनरिश मान, लिओन फॉइख्टवांगर, कुर्ट टुखोल्स्की हे लेखक. पुढे विली ब्रांट यांचंही नागरिकत्व गेलं. 1969 मध्ये तेच पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाले.

नोव्हेंबर 1941 मध्ये तर यादीचीही गरज उरली नाही. देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्व एका आदेशासरशी संपलं. सरकारनंच सक्तीनं हद्दीपार नेलेल्यांनाही तो लागू झाला, आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली.

नाझींचं उदाहरण सोयीचं असतं, हे मला कळतं. म्हणून लोकशाहीतलं घेतो. शमीमा बेगम 2015 मध्ये पंधराव्या वर्षी लंडनहून आयसिसकडे गेली. 2019 मध्ये ब्रिटननं तिचं नागरिकत्व काढलं आणि ती बांगलादेशची नागरिक ठरते, असं म्हटलं. बांगलादेशनं हात झटकले. तिच्याबद्दल मला सहानुभूती फारशी नाही. पण ब्रिटनमध्ये जन्मून वाढलेल्या मुलीचा प्रश्न त्या देशानं दुसऱ्याच्या दारात का टाकावा? गुन्हा केला असेल, तर खटला चालवा, तुरुंगात घाला.

जर्मनीनं 1949 च्या घटनेत नागरिकत्व हिरावून घेता येणार नाही, असं लिहून ठेवलं. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं दहावं कलम जन्मानं नागरिक असलेल्यांना लागू नाही. अर्ज करून नागरिक झालेल्यांचं नागरिकत्व मात्र त्यानुसार काढता येतं: कागदपत्रांत फसवणूक केली म्हणून, तसंच कृतीतून किंवा बोलण्यातून संविधानाशी अनिष्ठा दाखवली म्हणूनही. फसवणुकीची तरतूद मला आजही मान्य आहे. खोटं बोलून मिळवलेलं परत घेतलंच पाहिजे. बोलण्यावरून निष्ठा मोजणारी तरतूद मात्र रद्द व्हावी, असं माझं आता मत आहे.