लांब उभा असलेला कॅमेरा

मूकपटांच्या काळातले विनोदी चित्रपट अजूनही का बघवतात, याचं एक ठरलेलं उत्तर आहे: त्यांत भाषा नाही, म्हणून ते सगळ्या जगाला कळतात. ऐकायला छान, पण तपासायला गेलं की डळमळतं. एक तर त्या चित्रपटांत भाषा होतीच. दोन दृश्यांच्या मधे अक्षरांच्या पाट्या येत, त्यांवर संवाद असत, शाब्दिक कोट्याही असत, आणि चित्रपट परदेशी निघाला की त्या काढून तिथल्या भाषेतल्या घातल्या जात. दुसरं म्हणजे, शब्द नसणं एवढ्यानंच काम भागत असतं तर मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीनं काढलेले ढीगभर विनोदी पट आज इतके शिळे वाटले नसते. कीस्टोनचे पोलीस धावतात, आपटतात, गाड्या एकमेकींवर चढतात, आणि पाचव्या मिनिटाला जांभई येते. त्याच मुलखात, जवळजवळ त्याच साधनांनी, थोड्याच वर्षांनी बस्टर कीटन पडतो तेव्हा मात्र ते पडणं मागे नेऊन पुन्हा बघावंसं वाटतं. मला हा फरक कॅमेऱ्याच्या अंतरात दिसतो. उत्तम मूक विनोदात कॅमेरा लांब उभा असतो. माणूस नखशिखांत दिसतो, त्याच्या भोवतीची जागा दिसते, आणि गंमत शक्यतो मधे न तोडता आपल्यासमक्ष घडते. हसण्याआधी प्रेक्षकाला पुरावा मिळालेला असतो.

कीटनचा ‘वन वीक’ हा १९२० चा दोन रिळांचा पट घ्या. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला घर भेट मिळतं, तेही खोक्यांत भरलेल्या सुट्या भागांचं. आकडे बघून जोडायचं. त्या मुलीनं नाकारलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो आणि भलतंच वेडंवाकडं घर उभं राहतं. शेवटी ते दुसऱ्या जागी ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं. गाडी येताना दिसते. दोघं जीव तोडून ढकलतात, हात टेकतात, बाजूला होतात. आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणायची उसंत मिळते न मिळते तोच उलट दिशेनं दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. लांबून येणारी गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे हे सपाट पडद्यावर डोळ्यांना ठरवता येत नाही, एवढ्यावर पहिली फसवणूक उभी आहे. तिनं आपल्याला निर्धास्त केलं म्हणून दुसरी वर्मी लागते. हीच गंमत तुकड्यांत कापून, चाकं, चेहरे, पुन्हा चाकं अशी दाखवली असती तर गाडी कुठूनही आणता आली असती, आणि कुठूनही येऊ शकणाऱ्या गाडीला कोण हसणार?

‘द जनरल’ (१९२६) मध्ये हा हिशेब आणखी चोख आहे. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ मध्ये इंजिन पळवल्याची खरी घटना त्याच्या मुळाशी आहे. कीटन चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसला आहे, शत्रूनं रुळावर टाकलेलं एक जड लाकडी स्लीपर त्यानं कसंबसं उचलून पोटाशी धरलं आहे, आणि समोर रुळावर आणखी एक आडवं पडलं आहे. उतरायला वेळ नाही. तो हातातलं स्लीपर समोरच्याच्या टोकावर नेमकं आदळवतो. तरफेच्या नियमानं ते उडून बाजूला पडतं आणि हातातली ब्यादही जाते. इंजिन, लाकूड, माणूस, अंतर, सगळं एकाच चौकटीत. याच चित्रपटात जळता पूल कोसळून खरं इंजिन नदीत जातं. ऑरेगनमध्ये चित्रित झालेलं ते दृश्य मूकपटांच्या काळातल्या सर्वांत महागड्या दृश्यांत गणलं जातं, पण विनोद म्हणून ते त्या स्लीपरच्या पासंगालाही पुरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग ही सर्कसच झाली. जीव धोक्यात घालणाऱ्याचं कौतुक, त्यात विनोद कुठला? ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर येते आणि वरच्या खिडकीची मोकळी जागा नेमकी त्याच्यावरून जाते, म्हणून तो वाचतो. भिंत खरी होती, चूक झाली असती तर माणूस मेला असता. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो, कारण त्या दृश्याची ख्याती बरीचशी धैर्याची आहे. पण धैर्य हा विनोदाचा निकष नव्हे, हे हॅरल्ड लॉईडकडे बघून कळतं. ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३) मध्ये तो उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. १९१९ मध्ये एका स्फोटात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, तरी बरंचसं चढणं त्यानं स्वतः केलं. तरीही ती भिंत दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर उभारलेली होती, खाली गाद्या घातलेलं मचाण होतं, आणि अगदी लांबून घेतलेल्या दृश्यांत चढणारा माणूस वेगळाच होता. हे सगळं ठाऊक असूनही पोटात गोळा येतो आणि हसूही येतं. कारण कॅमेरा रस्ता, ट्राम, माणसं आणि लॉईड यांना एकत्र दाखवतो; अडचण किती उंच आहे हे आपण स्वतः मोजू शकतो. इथे पुरावा हवा असतो तो अडचणीचा. नटाच्या पराक्रमाचा दाखला कोणी मागितलेला नाही.

याहून बोचरा आक्षेप कीटनच्याच घरातून येतो. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये तो झोपेत पडद्यात शिरतो आणि त्याच्या भोवतीचं दृश्य कटागणिक बदलत जातं: बाग, रस्ता, कडा, समुद्र. हा विनोद तर निव्वळ कापाकापीचा! खरा आहे. पण तिथेही कॅमेरा लांबच राहतो, माणूस त्याच जागी, त्याच पवित्र्यात राहतो. कॅमेऱ्यापासूनचं अंतर काटेकोर मोजून ते साधलेलं आहे. कट तिथे शत्रूच्या भूमिकेत उतरला आहे आणि आपल्याला तो वार करताना स्पष्ट दिसतो.

आता चॅप्लिन. आपल्याकडे मूक विनोद म्हणजे चॅप्लिन हे समीकरण पक्कं आहे, त्याला राज कपूरनं आणखी घट्ट केलं, आणि चॅप्लिनचा चाहता म्हणणार की अंतर-बिंतर सोडा, खरी गोष्ट काळजाची. ‘सिटी लाइट्स’ १९३१ चा, म्हणजे मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला त्याच वर्षीचा. फुलं विकणारी आंधळी मुलगी या फाटक्या भटक्याला श्रीमंत समजते, हे शब्दांवाचून कसं दाखवायचं? या एका प्रसंगाचं चित्रण चॅप्लिननं शेकडो वेळा केलं. अखेर सापडलेली युक्ती अशी: भटक्या रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीच्या एका दारानं आत शिरून दुसऱ्या दारानं फुटपाथवर उतरतो, आणि दाराचा आवाज ऐकून ती त्याला गाडीवाला समजते. आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तिला येतो. गाडी आपल्याला दिसते, तिला दिसत नाही. पुढची सारी करुणा याच मांडणीवर उभी राहते. शेवटचा चेहऱ्याचा क्लोजअप इतका भिडतो, कारण चॅप्लिन तोवर जवळ जाण्यात कंजूष राहिलेला असतो. काळीज आहेच; पण त्याला जागा करून द्यावी लागते.

आपल्या वाचकाची एक वेगळीच अडचण असते. मराठी विनोद कोल्हाटकर, गडकरी, अत्रे, पु. ल. यांच्या शब्दांवर पोसलेला. तमाशातली बतावणीसुद्धा हजरजबाबीपणावर चालते. त्यामुळे पडणं-आपटणं पोरकट वाटतं. अशा वाचकानं लॉरेल-हार्डींचा ‘बिग बिझनेस’ (१९२९) बघावा. दोघं कॅलिफोर्नियाच्या उन्हात नाताळची झाडं विकायला निघतात, एका घरमालकाशी बिनसतं, आणि ते त्याचं घर, तो त्यांची गाडी उद्ध्वस्त करतो. मजा अशी की एक जण मोडतोड करत असताना दुसरा शांत उभा राहून बघतो, आपली पाळी येईपर्यंत. जुगलबंदीच ती, फक्त बोलीच्या जागी दाराची घंटा आणि मोटारीचे दिवे. वेगही मुळीच घाईचा नाही. जुने पट तुरुतुरु पळतात असा समज झाला त्याला, मुद्दाम वेगवान केलेली दृश्यं सोडली तर, चुकीच्या गतीनं झालेली प्रक्षेपणं बरीच कारणीभूत आहेत.

काही गोष्टींची वकिली मात्र करू नये. ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) मध्ये तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटाकरवी काळ्या माणसाची टवाळी आहे, ‘कॉलेज’मध्ये कीटन स्वतः तेच करतो, आणि ‘द जनरल’ची सहानुभूती गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेच्या बाजूला आहे. कॅमेरा लांब ठेवल्यानं दृष्टी निर्मळ होते असं माझं म्हणणं नाही. स्त्रियाही या प्रांतात बहुधा वाचवून घेण्यापुरत्याच. उतारा म्हणून लुबिशच्या ‘द ऑयस्टर प्रिन्सेस’ (१९१९) मधली सामान फोडत सुटणारी ओसी ओसवाल्डा पाहावी.

आवाज आला म्हणून ही रीत संपली नाही. कमल हासनचा ‘पुष्पक’ (१९८७) संवादाविना चालतो. जाक तातीनं ‘प्लेटाइम’ (१९६७) सत्तर मिलिमीटरच्या पडद्यासाठी काढला, आणि एकेका चौकटीत इतक्या गमती पेरल्या की कुठे बघायचं हे प्रेक्षकावरच सोडलं. त्यापायी तो कर्जात बुडाला. मोबाइलच्या पडद्यावर त्यातलं निम्मं दिसणारही नाही. कीटनचं तसंच: भिंतीवर प्रोजेक्टर लावता आला तर उत्तम, नाहीतर घरातला सगळ्यांत मोठा पडदा आणि नीट दुरुस्त केलेली प्रत. सुरुवात ‘वन वीक’नं करावी. अर्ध्या तासाच्या आत संपतो; नाहीच आवडला तर फारसं काही बिघडत नाही.