माजघराची फरशी

कारैकुडी, सोमवार

ती. आईंना सा. न.

काल रात्री पल्लवन एक्सप्रेसने इथे सुखरूप पोचलो. बसून बसून अनिरुद्धची पाठ धरेल अशी तुम्हाला धास्ती होती, पण तसं काही झालं नाही.

आज कानडुकातानला चेट्टियारांची जुनी घरं पाहिली. पुढे ओटी, मग एकामागून एक चौक, आणि मागचं दार थेट पलीकडच्या रस्त्यावर. वाईच्या वाड्यात राहणाऱ्याला इथे चटकन दिशा कळते. फक्त मापं अवाढव्य. खांब ब्रह्मदेशी सागाचे. भिंतींच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेला. आजही हात सुळकन घसरतो.

यातला बराचसा पैसा ब्रह्मदेशातल्या सावकारीचा. १९३०च्या मंदीत कुळांची कर्जं थकली, तारण ठेवलेल्या जमिनी चेट्टियारांकडे आल्या. त्या दशकाच्या अखेरीस खालच्या ब्रह्मदेशातली जवळपास पाव भातशेती त्यांच्या नावावर होती. १९४२ला जपानी फौजा आल्या आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथलं सगळंच हातचं गेलं. आता एकेका घराला ढीगभर वारसदार. कुलूप निघतं ते लग्नकार्याला. ज्यांना तेही झेपलं नाही, त्यांनी घरं मोडून विकली.

त्या मोडलेल्या घरांचं सामान कारैकुडीतल्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावर विकायला असतं. दरवाजे भिंतीला टेकवलेले, खांब आडवे रचलेले. एका चौकटीवर गजलक्ष्मी कोरली होती. तिच्या पायाशी हळदीकुंकवाचे थर इतके जाड साठले होते की कमळाच्या पाकळ्या बुजून गेल्या होत्या. किती जणींची बोटं तिथे लागली असतील! मला तिथे भाव विचारवेना.

अनिरुद्धला मात्र खांबांची एक जोडी फार आवडली आहे. ओटीचा आपला खांब वाळवीने खाल्लाय, त्या जागी हे लावू म्हणतो. ‘आपण नाही घेतले तर कुठल्या तरी हॉटेलात जातील, नाहीतर चिरून फळ्या होतील,’ हे त्याचं म्हणणं खोटं नाही. तरीही दुसऱ्याच्या मोडलेल्या घराचे खांब आपल्या ओटीला नकोत, असं मला वाटतं. जेवतानाही हाच विषय होता.

तुमची,
मेधा


कारैकुडी, बुधवार

ती. आईंना सा. न.

आज आत्तंगुडीला जाऊन आलो. ज्यासाठी इतक्या लांब आलो त्या फरशा तिथल्याच.

इथे भट्टी नाही की यंत्र नाही. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतो. लोखंडी चौकटीत काच, काचेवर नक्षीचा पत्र्याचा साचा. सिमेंट, वाळू आणि रंगाचं पातळ मिश्रण तो पळीने एकेका कप्प्यात सोडतो: आधी लाल, मग हिरवा, मग पिवळा. साचा अलगद वर उचलला की रंग आपापल्या जागी राहतात. त्यावर कोरडी सिमेंट-वाळू भुरभुरायची, मग ओला माल भरून थापीने सपाट करायचा. घट्ट झाली की फरशी पाण्याच्या हौदात, आणि नंतर वाळवण. काच सुटून येते तेव्हा खालची बाजू आरशासारखी निघते. म्हणजे कारागीर सगळं काम उलट्या बाजूने करतो, रंग नीट बसला की नाही हे त्याला काच निघाल्यावरच दिसतं. मी तिथून हलायलाच तयार नव्हते.

नक्षी ठरवताना आमची जुंपली. अनिरुद्धला सगळीकडे गर्द लाल हवा होता. पण माजघराला खिडकी नाही. उजेड येतो तो चौकातून, तोही दुपारपुरता. लाल रंग तो पिऊन टाकेल. मी फिकट पिवळसर जमिनीवर हिरव्या पाकळ्यांची नक्षी असलेली फरशी काढून दाखवली. तो फरशी घेऊन एका अंधाऱ्या खोलीत गेला, दार लोटून बराच वेळ उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, ‘तुझंच बरोबर. लाल फक्त कडेला घेऊ.’ तेच ठरलं. आठ इंची फरशा, कापताना-लावताना फुटतील त्याला धरून थोड्या जास्तच सांगितल्या आहेत.

तुमची,
मेधा


कारैकुडी, गुरुवार

ती. आईंना सा. न.

खांब घेतले नाहीत. काल रात्री अनिरुद्धने स्वतःच विषय काढला. तिथले खांब आपल्या तुळईच्या मानाने उंच. वाईला नेऊन कापावे लागले असते, आणि कापायचे तर खालची नाहीतर वरची कोरीव बैठक जाणार. त्याचे हात धजेनात. आपल्या खांबाचा कुजका भाग तेवढा काढून जुन्या सागाचा तुकडा सांधायचा, असं ठरवलंय. सुतारकाका हे काम उत्तम करतील. सांधा दिसला तर दिसू दे.

मुनीश्वरन कोविल रस्त्यावरून एकच वस्तू घेतली: रविवर्मा छापखान्याचं सरस्वतीचं चित्र. छापखाना १८९४ला मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे चित्र आपल्याच मुलखातून इकडे आलेलं. कुणीतरी सरस्वतीच्या साडीवर टिकल्या आणि जर टाचून तिला सजवलंय. चित्र विकण्यासाठीच छापलेलं असतं, घरोघर फिरणं त्याच्या नशिबातच आहे. ते घेताना मला काही वाटलं नाही. कुठे लावायचं ते तुम्ही सांगा. भिंतीच्या ओलीपासून मात्र जपायला हवं.

आता तुमच्याकडे काम. गवंडी येईल तेव्हा माजघरातली जुनी मोझेक काढून घ्या, पण उंबऱ्याला धक्का लागू देऊ नका. नव्या फरशीची पातळी उंबऱ्याच्या खालीच हवी, तुमच्या पायाला ठेच लागायला नको. आणि त्याला बजावून सांगा, धुवायला ॲसिड अजिबात वापरायचं नाही, रंग जातो. इथल्या बायका खोबरेल तेलाचा बोळा फिरवतात, बाकी चकाकी वापरातून येते. आपण मात्र तेल अगदी बेताचं लावू, तुमचा पाय घसरता कामा नये.

फरशा ट्रकने येतील. उतरवताना आडव्या रचू देऊ नका, काठावर उभ्या ठेवायला सांगा.

तुमची,
मेधा