'म्हणून'च्या अलीकडचं वाक्य
सुरतेच्या डिंडोलीतल्या मुलांना बोलायला वाक्यं कमी पडत नाहीत. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वहीत मराठी. नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या घरांतली ही मुलं. मी त्यांना मराठी शिकवते. त्यांचं घोडं अडतं ते 'आणि'पाशी. 'माझे पप्पा लूमच्या खात्यात जातात आणि रात्रपाळी असते आणि ते दिवसा झोपतात आणि आम्ही आवाज करत नाही.' यात चूक एकही नाही. फक्त मुलाला नेमकं काय सांगायचंय ते कळत नाही, कारण चारही वाक्यं एकाच उंचीची आहेत.

मग आम्ही त्यातलं मुख्य वाक्य शोधतो. बहुतेक मुलं 'आवाज करत नाही' यावर बोट ठेवतात, आणि ते बरोबरच असतं. त्या घराची सगळी शिस्त तिथे आहे. आता उरलेलं त्याला टेकवायचं. 'पप्पांची रात्रपाळी असते म्हणून आम्ही आवाज करत नाही.' दुसरं, 'पप्पांना झोप लागावी म्हणून आम्ही आवाज करत नाही.' दोन्हीकडे 'म्हणून' तेच. तरी शाळेच्या व्याकरणात पहिलं संयुक्त वाक्य आणि दुसरं मिश्र. पहिल्यात 'म्हणून' परिणाम सांगतं, दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी आहेत. दुसऱ्यात ते उद्देश सांगतं, आणि 'पप्पांना झोप लागावी' हे गौण वाक्य होतं. फरक केला कोणी? 'असते' आणि 'लागावी' या क्रियापदांनी. मो. के. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली आलं. आजच्या शालेय पुस्तकांतली मांडणी बरीचशी त्याच्याच मागून चालते. पण अव्ययांच्या याद्या पाठ करून हे हाती लागत नाही. 'म्हणून' दिसलं की नजर त्याच्या अलीकडच्या क्रियापदाकडे गेली पाहिजे. ही सवय लावणं हेच माझं काम आहे असं मी मानते.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी स्वीडनला गेला. बाहेरून आलेल्या प्रौढांसाठी तिथल्या नगरपालिका भाषेचे मोफत वर्ग चालवतात, त्यात तो जातो. एकदा फोनवर त्याने तिथला एक नियम सांगितला आणि मी वही ओढली. 'तो येत नाही' हे स्वीडिशमध्ये 'हान कॉमेर इंते': आधी क्रियापद, मग नकार. तेच जर-तरच्या गौण वाक्यात गेलं की 'ओम हान इंते कॉमेर', म्हणजे नकार उडी मारून क्रियापदाच्या आधी येतो. गौण वाक्यात 'इंते' आधी, हे लक्षात राहावं म्हणून तिथे 'बिफ' असा आद्याक्षरांचा नियम शिकवतात.

मला आनंद झाला तो हे आपल्याही घरात आहे म्हणून. 'तो आला नाही' हे मुख्य वाक्य. ते दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरलं की 'न आल्यास', 'न आल्यामुळे', 'न आलेला', 'न येता'. नकार पुढे सरकला आणि 'नाही'चा 'न' झाला. मराठी स्वीडिशइतकी कडक नाही. 'तो आला नाही तर' हेही चालतं, तिथे नकार जागचा हलत नाही. पण क्रियापदाचं कृदंत झालं की मात्र 'न' आधीच हवा. 'आल्यामुळे नाही' म्हणून पाहा, अर्थच फिरतो: तो आलेला असतो, कारण मात्र दुसरं असतं.

सुरतेत हे जास्त जपावं लागतं. गुजरातीत 'ए न आव्यो' हे सरळ मुख्य वाक्य आहे. मुलं तेच उचलतात आणि वहीत 'काल सोनू न आला' असं उतरतं. अहिराणीत 'वना नही' म्हणतात, म्हणजे घरची बोली इथे मराठीच्या बाजूने उभी असते. म्हणून मी लाल शाईने खोडण्याआधी विचारते, 'आजी काय म्हणते?' मूल आजीचं वाक्य म्हणतं आणि नकार आपोआप मागे जातो. अहिराणीमुळे मराठी बिघडते असं पालक सांगतात तेव्हा मी हेच उदाहरण देते.

परीक्षेत 'वाक्याचा प्रकार ओळखा' एवढंच येतं. मला ते अपुरं वाटतं. मी एकाच घटनेची दोन वाक्यं लिहून घेते: एकात रात्रपाळी मुख्य, दुसऱ्यात आवाज. मग दोन्ही मोठ्याने वाचायला लावते आणि कुठलं आईला सांगाल, कुठलं सरांना, ते विचारते. वर्गात यावर भांडणं होतात, आणि तास संपला तरी ती मिटत नाहीत.