दोन वह्यांचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरात गेल्या वर्षी नवी मोटार घेण्याचा विषय निघाला. जुनी डिझेल गाडी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दोन दिवस पाण्यात उभी होती. दुरुस्त होऊन ती पुन्हा चालू लागली खरी, पण तिच्या अंगातली ओल पुरती गेली नाही. सकाळी सुरू करताना तिचा काळा धूर बोळातल्या बस्तीच्या पायरीपर्यंत पोहोचे. पूजेची थाळी घेऊन निघालेल्या आक्का पदर नाकाशी धरून काही क्षण थांबत आणि मग काही न बोलता पुढे जात.

घरातल्या थोरल्या मुलाची इच्छा साधी होती. एक मोठी, रुबाबदार डिझेल गाडी घ्यावी आणि जुनी दुकानाच्या कामासाठी ठेवून द्यावी. मुलीच्या लग्नाची बोलणी लवकरच सुरू व्हायची होती. चार लोकांत जाताना गाडीकडे पाहिले जाते, हे त्याचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. अडचण होती ती अण्णांच्या व्रताची. चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर त्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले होते आणि त्यात घरातील मोटार एकच राहील, असा नियम होता.

"अण्णा, व्रत तुमचं आहे. गाडी माझ्या नावावर राहील," मुलगा म्हणाला.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागदावर नाव कुणाचंही घाल. पण वाट काढायची म्हणून व्रत घेतलं नव्हतं."

मुलगा दुखावला. दोन दिवस जेवणाच्या पाटावर गाडीचे नाव निघाले नाही. तिसऱ्या दिवशी वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातीने वही आणि पेट्रोलपंपाच्या पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. "आजोबा, एकच गाडी घ्यायची ना? मग ती कोणती, याचा हिशेब करू," असे म्हणून ती बसली.

तिने हायब्रिड गाडीचा पर्याय मांडला. ही कल्पना नवी नाही. टोयोटा कंपनीने प्रियस ही गाडी जपानमध्ये १९९७ साली विक्रीस आणली. आपल्याकडे २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्यावर मध्यमवर्गीय घरांतही या गाड्यांची चर्चा होऊ लागली. 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग' हा भेद मात्र नीट समजून घ्यावा लागतो. माइल्ड हायब्रिडमध्ये विजेची मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. स्ट्राँग हायब्रिड गाडी कमी वेगात नुसत्या विजेवरही चालते. ब्रेक दाबला की चाकांच्या गतीतून बॅटरी भरते, उरलेली इंजिन भरते. घरी तार जोडून भारित करण्याची गरज पडत नाही. बॅटरीची हमी या दोन्ही गाड्यांना आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी आहे. पूर पाहिलेल्या घराला हा प्रश्न आधी विचारावासा वाटला, यात नवल नाही.

प्रमाणपत्रावरील आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर असा आहे. पण हा आकडा ठरावीक नियमांनी घेतलेल्या चाचणीचा असतो. घाटाचा चढ, गर्दीची पेठ आणि चालू एसी त्यात मोजलेले नसतात. नातीने म्हणून सावध आकडा धरला : हायब्रिडला २१, साध्या पेट्रोल गाडीला १४. पावत्यांवरून गेल्या वर्षीचा प्रवास निघाला २४,००० किलोमीटर. साध्या गाडीला त्यासाठी सुमारे १,७१४ लिटर पेट्रोल लागले असते, हायब्रिडला १,१४३. वाचले ५७१ लिटर. दर १०५ रुपये धरला तर वर्षाला ६०,००० रुपये. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक साधारण तीन लाख. म्हणजे पाच वर्षांत तो भरून निघणार.

मुलाच्या कपाळावरची आठी सैल झाली. "सौदा वाईट नाही," तो म्हणाला.

अण्णांनी मात्र पावत्यांकडे बोट दाखवले. "हे चोवीस हजार किलोमीटर गेले कुठे?"

हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. दुकानाची डायरी काढून तारखा जुळवल्या, तेव्हा एकेक गोष्ट समोर आली. फोनवर झाला असता अशा सौद्यासाठी दर आठवड्याला तासगावची फेरी. एकाच लग्नाला कोल्हापूरला सकाळ-संध्याकाळ दोन खेपा. मिरजेहून रेल्वे असताना एकट्या माणसाने गाडी घेऊन केलेला पुण्याचा प्रवास. सहज म्हणून निघालेल्या, सहज म्हणून विसरलेल्या फेऱ्या. बेरीज केली तर आठ हजार किलोमीटर असे होते की ज्यांच्यावाचून कोणाचेच काही अडले नसते.

श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. दिशांची आणि अंतराची मर्यादा घालून घेणारे. त्याच्याच शेजारी अनर्थदंडव्रत आहे. प्रयोजनावाचून घडणारी हिंसा टाळण्याचे. त्यातील 'प्रमादचर्या' या प्रकारात विनाकारण पाणी सांडणे, विनाकारण अग्नी पेटवणे यांची गणना होते. ज्या धर्माने अग्निकाय आणि वायुकाय जीवांचाही विचार केला, त्या धर्माच्या घरात सिग्नलला उभ्या गाडीचे धडधडणारे इंजिन हे काय असते? तो अग्नी कोणासाठी पेटलेला असतो? हायब्रिड गाडी थांबली की तिचे इंजिन बहुधा बंद होते. ही सोय अभियंत्यांनी इंधनासाठी केली. पण श्रावकाला ती वेगळ्या कारणाने ओळखीची वाटावी.

नातीने पुन्हा गणित मांडले. आठ हजार किलोमीटर टाळले, तर सोळा हजार उरतात. मग हायब्रिडमुळे वर्षाला ३८१ लिटर वाचतात, म्हणजे ४०,००० रुपये. तीन लाख भरून निघायला पाचाऐवजी साडेसात वर्षे लागतात.

"म्हणजे आपण जितकं कमी फिरू, तितका हा सौदा महाग," मुलगा हसून म्हणाला. "अण्णा, तुमच्या व्रतानं माझा हिशेब बिघडवला!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ते कोणी खोडूनही काढले नाही. इंधन वाचवणाऱ्या गाडीचा पैशातला लाभ तिला भरपूर पळवणाऱ्यालाच मिळतो. गाडी स्वस्त पडते म्हणून माणूस अधिक फिरू लागला, तर वाचलेले पेट्रोल पुन्हा जळून जाते. मात्र नातीच्या वहीत आणखी एक ओळ होती. साध्या गाडीतूनच आठ हजार किलोमीटर टाळले असते, तर ५७१ लिटर वाचले असते. म्हणजे यंत्र वाचवणार त्याहून अधिक, आणि एक रुपयाही न खर्चता. दोन्ही मिळून ९५२ लिटर. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने वर्षाला दोन टनांहून अधिक.

"वह्या दोन असतात," अण्णा म्हणाले. "एकीत रुपये लिहायचे. दुसरीत काय जाळलं ते. पहिलीत थोडा तोटा आला तर सोसू."

निर्णय मुलाने घेतला, हे विशेष. आपल्याला हवी होती ती रुबाबदार गाडी त्याने स्वतःच बाजूला ठेवली. मुलीने त्याला एवढेच म्हटले होते, "बाबा, गाडी पाहून होकार देणारं घर मला नको."

शोरूममध्ये या कुटुंबाने विचारलेले प्रश्न विक्रेत्याला नवे होते. आसने कातड्याची आहेत का? नाहीत, तर स्टिअरिंगवर चढवलेले काय आहे? वरच्या श्रेणीत ते कातडे असल्याचे कळताच आक्कांनी मान हलवली, आणि कातडे नसलेली खालची श्रेणी ठरली. बॅटरीमुळे डिकी लहान होते हेही तिथे कळले. हळदीच्या नमुन्याच्या पिशव्या मावतील, पोती मावणार नाहीत. पोत्यांसाठी भाड्याचा टेम्पो ठरला आणि जुनी गाडी विकायचे निश्चित झाले. अण्णांचा नियम अबाधित राहिला.

चाचणी फेरीत एक प्रसंग घडला. बोळातून गाडी विजेवर हळू चालली होती. वाटेत निजलेले कुत्रे नेहमीसारखे उठले नाही, कारण इंजिनाचा आवाजच नव्हता. मुलाने वेळेवर ब्रेक दाबला. अण्णा म्हणाले, "धडधड असली की समोरचा बाजूला होतो. आता पाहून चालायचं ओझं आपल्यावर." साधूंची ईर्यासमिती म्हणजे चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे. विहारातले साधू-साध्वी पहाटे रस्त्याच्या कडेने चालतात, आणि त्यांना वाहनांची धडक बसल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. त्या दिवशी घरात आणखी एक गोष्ट ठरली : पावसाळ्यात शक्यतो रात्रीचा प्रवास करायचा नाही. दिव्यांवर आणि काचेवर चिरडणाऱ्या कीटकांचा हिशेब कोणतेच मायलेज सांगत नाही.

गाडी आली. बस्तीसमोर नारळ वाढवला गेला आणि आक्का पुढच्या आसनावर बसल्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात नातीने एक लहान वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत : किलोमीटर, पेट्रोल आणि टाळलेल्या फेऱ्या. पहिल्या महिन्याअखेर सरासरी २०.६ निघाली, धरल्यापेक्षा थोडी कमीच. मुलाने तो आकडा दोनदा तपासून पाहिला. मग पेन घेऊन तिसऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले : तासगाव, तीन वेळा. सौदे फोनवर झाले.